वापरातील वस्तूंचे सौंदर्य : बिदर-कलबुर्गी सीमाभागाचा एक दुर्लक्षित वारसा

दत्तभक्तांच्या अंतःकरणात गाणगापूरचे स्थान काय आहे, हे सांगावयास नको. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करावे, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यावे, माध्यान्हकाळी माधुकरी मागावी आणि जमल्यास हुमनाबादजवळच्या माणिकनगरास जाऊन श्रीमाणिकप्रभूंच्या समाधीपुढे मस्तक ठेवावे, असा अनेक मराठी कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्यांचा परिपाठ आहे. या यात्रेत भाविकाची दृष्टी दैवतावर खिळलेली असते आणि ती तशी असणेच योग्य होय. तथापि ज्या फरशीवर तो अनवाणी उभा राहतो, ज्या तांब्याने पायांवर पाणी घेतो आणि ज्या समईच्या उजेडात त्याला गाभारा दिसतो, त्या वस्तूंकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. त्या आपले काम इतक्या निमूटपणे करीत असतात, की त्यांना काही रूप आहे याचाही विसर पडावा.

वास्तविक गाणगापूरची उपासनाच या विसरावर बोट ठेवणारी आहे. तेथे पूजा होते ती पादुकांची. आणि पादुका ही मुळात पायात घालावयाची वस्तू. दत्तसंप्रदायाने ज्या वस्तूंना पूज्य मानले, त्यांत दंड आहे, कमंडलू आहे, झोळी आहे. संन्याशाच्या रोजच्या वापराबाहेरचे त्यांत काहीच नाही. सत्पुरुषाच्या सहवासाने साध्या वस्तूला अर्थ प्राप्त होतो, हे या परंपरेने ओळखले. परंतु त्याच वस्तू घडविणाऱ्या कारागिराच्या हातानेही त्यांना एक मोल प्राप्त झालेले असते. ते ओळखण्याची दृष्टी मात्र समाजात फार उशिरा आली, आणि ती येईतो पुष्कळ काही हातचे निघून गेले. बिदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) या सीमावर्ती जिल्ह्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

कल्याणनगरीचे दोन वारसे

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. येथे इ. स. ११३० च्या सुमारास राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. या ग्रंथात मराठी पदरचनेचे जुने नमुने आढळतात, म्हणून मराठी वाचकाला त्याचे नाव परिचित असते. शंभर अध्यायांच्या या ग्रंथाचे प्रत्येकी वीस अध्यायांचे पाच भाग आहेत आणि त्यांतील एक संपूर्ण भाग राजाच्या उपभोगांना वाहिलेला आहे. घर कसे असावे, स्नान कसे करावे, पादुका कशा असाव्यात, विडा कसा सिद्ध करावा, आसन, छत्र, शय्या, भोजन, पिण्याचे पाणी, धूप, अशा विषयांचा त्यात बारकाईने विचार केलेला आहे. राज्यकारभाराच्या जोडीने विड्याच्या पानाची आणि बसावयाच्या आसनाची चर्चा करण्यात त्या विद्वान राजाला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. नित्याचा वापर हाही रसिकतेचा विषय आहे, असे त्याने गृहीत धरलेले दिसते.

आपल्याकडील चौसष्ट कलांच्या परंपरागत गणनेशी हे सुसंगतच होते. त्या गणनेत गायन-वादन-नृत्याच्या बरोबरीने शय्येची रचना, फुलांची मांडणी, शिवणकाम, सुतारकाम आणि पाकक्रिया यांनाही स्थान आहे. ललित कला आणि उपयुक्त कला यांच्यामध्ये आज जी भिंत दिसते, ती त्या काळी इतकी उंच नव्हती.

पुढे तीस-चाळीस वर्षांतच याच कल्याणनगरीत बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी निराळ्याच बाजूने या विषयाला हात घातला. सोमेश्वराने वस्तूचा विचार केला तो वापरणाऱ्याच्या अंगाने. शरणांनी केला तो घडविणाऱ्याच्या अंगाने. ‘कायक’ म्हणजे प्रामाणिकपणे केलेले अंगमेहनतीचे काम, आणि ते काम हीच उपासना, हा त्यांचा सिद्धांत. शरणांच्या मांदियाळीत कुंभार गुंडय्या होते, बुरूडकाम करणारे मेदार केतय्या होते, दोर वळणारे नुलिय चंदय्या होते, नावाडी अंबिगर चौडय्या होते. गुंडय्या मडक्यावर ताल धरीत आणि साक्षात शिव त्या तालावर नाचे, अशी कथा कन्नड परंपरेत सांगतात. हरळय्या नामक चर्मकार शरणाने व त्याच्या पत्नीने बसवेश्वरांसाठी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवले, हीही कथा सर्वश्रुत आहे. कथेचा भाग बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. मडके, टोपली, दोर आणि जोडा यांच्या कर्त्यांना ज्या नगरीने धर्मचर्चेत मानाचे आसन दिले, ती नगरी याच भूमीतील आहे.

मराठी मुलखातही हा धागा तुटलेला दिसत नाही. बालाघाटाच्या पलीकडे तेर येथील संतश्रेष्ठ गोरोबाकाका हे कुंभारच. संतांच्या मेळ्यात कोणाचे मडके कच्चे आणि कोणाचे पक्के हे त्यांनी थापटण्याने ठोकून पाहिले, ही आख्यायिका प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. मडक्याचा नाद ऐकून त्याची भाजणी ओळखणे ही कुंभाराची नित्याची पारख. तीच पारख येथे अध्यात्माची कसोटी ठरली. कन्नड शरण आणि मराठी संत या दोहोंनी हातातील कामाला जी प्रतिष्ठा दिली, ती दिसावयास मात्र वस्तूवर नजर ठरावी लागते.

बिदरी : हुक्क्याच्या कुंडीपासून संग्रहालयाच्या कपाटापर्यंत

या प्रदेशातील कारागिरीचे जगभर गेलेले उदाहरण म्हणजे बिदरी काम. इ. स. १३४७ मध्ये बहामनी राज्याची स्थापना झाली, तेव्हा गुलबर्गा ही त्याची राजधानी होती. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याने ती बिदरला हलविली आणि इराणातून अनेक विद्वान व कारागीर तेथे येऊन स्थिरावले. बिदरीची कला त्यांच्याबरोबरच आली, असे परंपरा सांगते. आज जतन झालेल्या जुन्या बिदरी वस्तू मात्र सामान्यतः सतराव्या शतकापासूनच्या आहेत. मूळ प्रेरणा कोठलीही असो, तिला आजचे रूप आले ते बिदरच्या मातीत, आणि हे शब्दशः खरे आहे.

बिदरीचा धातू म्हणजे जस्त आणि तांबे यांचे मिश्रण. सोळा भाग जस्तास एक भाग तांबे असे त्याचे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. मातीच्या साच्यात वस्तू ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि मोरचुदाचे पाणी लावून तिला तात्पुरती काळी करतात. त्या काळ्या पृष्ठभागावर नक्षीची रेघ स्पष्ट उमटते. मग पोलादी छिन्नीने नक्षी कोरून त्या खोबणीत चांदीची तार अथवा पातळ पत्रा ठोकून बसवितात. तारेच्या कामाला ‘तारकशी’ म्हणतात, तर पत्र्याच्या कामाला ‘तहनिशान’. शेवटचा संस्कार सर्वांत महत्त्वाचा. बिदरच्या किल्ल्याच्या जुन्या भागातील, ऊनपाऊस न लागलेली माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून ती वस्तूवर चोळतात. तिच्यातील क्षारांमुळे जस्ताचा धातू कायमचा गडद काळा होतो आणि चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. योग्य माती कोणती, हे जाणते कारागीर जिभेवर चव घेऊन ठरवितात. ही पारख ग्रंथात सापडत नाही; ती बापाकडून मुलाकडे येते.

या सायासाने बनत काय असे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. देवमूर्ती नव्हे, सिंहासन नव्हे. बनत असे ती हुक्क्याची कुंडी, विड्याचा पानदान, पिकदाणी, हात धुवावयाची झारी आणि तिच्याखालची सैलाबची, सुरई, तबक, पलंगाचे पाय आणि मीरफर्श. मीरफर्श म्हणजे बैठकीवर अंथरलेली चादर वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या चार कोपऱ्यांवर ठेवावयाची वजने. याहून सामान्य काम एखाद्या वस्तूला नेमून देणे कठीण. दगडाच्या चार गोट्यांनीही ते भागले असते. परंतु त्या चार वजनांवर कारागिराने वेल चढविली, कमळ फुलविले, अफूच्या फुलांच्या पाकळ्या उमलविल्या. वापराची वस्तू सुंदर असावी, एवढेच त्यामागचे कारण.

हुक्क्याची कथा तर या भागाशी अधिकच निगडित आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी अकबराच्या दरबारी तंबाखू आणि ती ओढण्याची नळी नेऊन दाखविली ती असद बेग या सरदाराने, आणि त्याने ती आणली होती विजापुराहून. दख्खनमधून ही सवय उत्तरेत पसरली. तिच्याबरोबर हुक्क्याच्या कुंडीचीही मागणी वाढली. आरंभीच्या कुंड्या गोल असत व त्यांना बसविण्यासाठी खाली कडे लागे. अठराव्या शतकात त्यांना घंटेसारखा रुंद तळ आला आणि त्या आपल्या आपण स्थिर उभ्या राहू लागल्या. वापराची अडचण दूर करताना आकारही अधिक डौलदार झाला. लखनौ, मुर्शिदाबाद आणि पूर्णिया या दूरच्या ठिकाणीही असे काम होऊ लागले. नाव मात्र सर्वत्र बिदरचेच राहिले.

इ. स. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या आणि युरोपीय रसिकांनी त्यांची वाखाणणी केली. मात्र याच शतकात हुक्का आणि दरबारी बैठक यांची सद्दी हळूहळू संपत गेली. मूळची गिऱ्हाइके गेली, तेव्हा कारागीर डब्या, रक्षापात्रे, गुंड्या आणि फुलदाण्या घडवू लागले. विसाव्या शतकात पानदान दिवाणखान्यातून उठला आणि काचेच्या कपाटात जाऊन बसला. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बिदरी वस्तूंचे मोठे संग्रह आहेत. बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला आणि २०२३ साली बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली.

हा गौरव यथार्थच आहे. परंतु त्यातून निघणारा बोध थोडा कटू आहे. बिदरी पानदानाला ‘कला’ हे नाव सर्वमान्यपणे मिळाले, ते पान ठेवण्यासाठी त्याचा वापर जवळजवळ थांबल्यावर. बिदरीच्या बाबतीत चांदी होती, नक्षी होती, राजाश्रय होता. म्हणून उशिरा का होईना, तिची दखल घेतली गेली. ज्या वस्तूंपाशी चांदी नाही आणि नक्षीही नाही, त्यांचे काय?

पायाखालचा दगड

अशा वस्तूंत अगदी तळाशी, शब्दशः पायाखाली, आहे ती शहाबादी फरशी. मराठी माणसाच्या घरात ‘शहाबादी’ हा शब्द इतका रुळला आहे, की ते एका गावाचे नाव आहे याचीही अनेकांना कल्पना नसते. शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातील गाव. तेथून चित्तापूर, सेडमपर्यंत आणि पुढे तेलंगणातील तांडूरपर्यंत भीमा खोऱ्यातील चुनखडकाचा पट्टा पसरलेला आहे. याच पट्ट्यात कागिणा नदीच्या काठी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, वसलेली होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून हा दगड तयार झाला. त्यामुळे तो थरांतच सुटतो. खाणीतील कामगार थराची नेमकी रेषा हेरून छिन्नी ठोकतात आणि एक-दोन इंच जाडीची सपाट लादी अखंड उचलून निघते. तिला घासावे लागत नाही. तिचा वरचा पृष्ठभाग निसर्गानेच तयार करून ठेवलेला असतो.

मुंबईहून पुणे, सोलापूर, गुलबर्गा, वाडी या मार्गे जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला. शहाबाद या मार्गावरच असल्याने इतका जड माल दूरवर धाडण्याची सोय झाली. वाड्यांच्या ओसऱ्या, चाळींचे जिने, स्वयंपाकघरातील ओटे, न्हाणीघरे, तुळशीवृंदावनाभोवतीचे चौथरे आणि देवळांची प्रांगणे या राखाडी-निळसर दगडाने आच्छादली गेली. उन्हाळ्यात दुपारी त्यावर अंग टाकले की होणारा गारवा ज्याने अनुभवला नाही, असा मराठी माणूस मागील पिढीत विरळाच. वर्षानुवर्षांच्या वावराने तो दगड मऊ दिसू लागतो. उंबऱ्याशी आणि देवघरासमोर त्याला पावलांची किंचित खळगी पडते. घरात किती पिढ्या नांदल्या, याची ती नोंदच असते.

या फरशीत अभ्यासकाला सापडणारे सौंदर्य नक्षीचे नव्हे. दोन लाद्यांचा रंग कधी तंतोतंत जुळत नाही. कोठे निळसर झाक, कोठे पिवळसर, कोठे थराची लाटेसारखी रेघ. चिंच अथवा लिंबू सांडले तर चुन्याच्या या दगडावर डाग उठतो, म्हणून घरातील स्त्रिया तो तत्काळ पुसतात. घोटीव दगडावर ओला पाय घसरतो. शहाबादीच्या नैसर्गिक पृष्ठावर त्याला पकड मिळते. अभिषेकाच्या पाण्याने सदैव ओल्या राहणाऱ्या देवळात या गुणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. असे असूनही जीर्णोद्धाराचा प्रस्ताव आला, की पहिली कुदळ पडते ती या फरशीवर. तिच्या जागी चकचकीत लाद्या बसतात. पहिल्याच श्रावणात वृद्ध भाविकांना भिंतीचा आधार घेत चालावे लागते, तेव्हा जुनी फरशी आठवते. परंतु तोवर ती फुटून भरावात गेलेली असते.

तांब्या आणि त्याचे पारखी

फरशीनंतर येतो तो तांब्या. सीमाभागातील घरांत दोन्ही भाषा नांदतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तर उरलेला आंध्र प्रदेशात. नकाशावर रेघा ओढल्या गेल्या, तरी घरातील भांडी दोन्ही बाजूंना तीच राहिली. मराठीत ज्याला तांब्या म्हणावे त्याला कन्नडमध्ये तंबिगे अथवा चेंबू म्हणतात. बाजारच्या दिवशी भालकीच्या स्त्रीने आणि उदगीरच्या स्त्रीने पारखून घेतलेल्या तांब्याचा आकार एकच असे.

या आकाराकडे जगाचे लक्ष वेधले ते दोन परकीयांनी. अमेरिकन वस्तुरचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्यास भारत सरकारने पाचारण केले होते. त्यांनी १९५८ साली सादर केलेल्या अहवालात, भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांना सर्वाधिक भावलेली वस्तू म्हणून आपल्या साध्या लोट्याचा उल्लेख केला. त्याची मांडणी विचार करण्याजोगी आहे. किती पाणी मावावे, भरलेला असता आणि रिता असता तोल कोठे राहावा, कमरेवर अथवा डोक्यावर तो कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, तळहातात गळा कसा मावावा, आतून घासता यावा म्हणून तोंड किती रुंद असावे, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे त्या एका आकारात आहेत, आणि ती कोणा एका माणसाने दिलेली नसून अनेक पिढ्यांनी मिळून दिलेली आहेत, असा त्यांचा आशय होता. त्या अहवालाच्या प्रेरणेतून अहमदाबाद येथे १९६१ साली राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. घरोघरी पाटाशेजारी ठेवलेल्या तांब्याने एका राष्ट्रीय संस्थेच्या जन्माला हातभार लावला, असे म्हणावयास हरकत नाही.

तांब्याच्या पृष्ठभागाचेही एक शास्त्र आहे. तांबट पत्र्यावर एकसारखे ठोके देत भांडे घडवितो; त्याला मठारणे म्हणतात. या ठोक्यांनी मऊ तांबे कठीण होते आणि भांड्याला बळकटी येते. त्याच ठोक्यांनी पृष्ठभागावर शेकडो लहान पैलू उमटतात आणि प्रत्येक पैलू उजेड निराळा परतवितो. म्हणजे जो घाव भांड्याला मजबूत करतो, तोच त्याला शोभाही देतो. येथे उपयोग निराळा आणि अलंकार निराळा असे दाखवताच येत नाही.

ही गोष्ट ध्यानी न आल्याने मोठमोठे जाणकारही अडखळले. सर जॉर्ज बर्डवुड यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांचा जन्म १८३२ साली बेळगावचा. मुंबईच्या मध्यवर्ती वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. मूळचे गोमंतकातील मांद्रे येथील डॉ. भाऊ दाजी लाड हे या कार्यातील अग्रणी, आणि त्याच संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचे नाव आहे. बर्डवुड यांनी १८८० साली भारतीय हस्तोद्योगांवर ग्रंथ लिहिला आणि खेड्यातील कुंभार, विणकर व कासार यांच्या कामाची मुक्तकंठाने स्तुती केली. परंतु याच गृहस्थांनी १९१० साली लंडनमधील एका सभेत भारतात ललित कला अशी नाहीच असे प्रतिपादन केले आणि ध्यानस्थ बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. त्यावर मोठे वादळ उठले आणि भारतीय कलेच्या पुरस्कारासाठी लंडनमध्ये ‘इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. ज्यांना मडक्यातील सौंदर्य दिसले, त्यांनी ते एका खालच्या पायरीवर बसविले आणि वरची पायरी या देशाला नाकारली. हा दोष त्यांच्या दृष्टीचा नव्हता, त्यांनी मनात बांधलेल्या उतरंडीचा होता.

जपानात यानागी सोएत्सू यांनी १९२५ च्या सुमारास लोककारागिरीसाठी ‘मिंगेई’ हा शब्द रूढ केला आणि १९३६ साली तोक्यो येथे केवळ अशा वस्तूंचे संग्रहालय उभारले. क्योतो येथील एका मठात जपली गेलेली चहाची एक वाटी त्या देशात राष्ट्रीय ठेवा मानली जाते. मुळात ती कोरियातील गरीब माणसाची जेवणाची साधी वाटी होती. महाराष्ट्रात हे कार्य दिनकर गंगाधर केळकर यांनी एकहाती केले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला आणि आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, भांडी, दरवाजे आणि वाद्ये जमविली. ज्या वस्तू अडगळीत पडल्या होत्या, त्यांना त्यांनी पुण्यात हक्काचे घर दिले आणि बालपणी निवर्तलेल्या आपल्या ‘राजा’ या पुत्राचे नाव त्या संग्रहालयास दिले. त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९० साली त्यांचे निधन झाले. राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. त्यांतील अडकित्ता पाहून थबकणाऱ्या प्रेक्षकाच्या आजीच्या चंचीतही तसाच एखादा अडकित्ता असे, आणि तो केव्हाच मोडीत गेलेला असतो.

भांडारातील ठेव

‘मोड’ हा शब्द येथे महत्त्वाचा. कासाराच्या दुकानी जुने भांडे नेले, की तो ते तराजूत टाकतो. तराजूला घडणावळ कळत नाही. त्याला कळते ते वजन. ठोक्याठोक्याने घडविलेली घागर आणि यंत्रावर दाबून काढलेली घागर त्याच्या लेखी सारखीच. घराघरांत हे घडले: स्टीलची भांडी आली, कल्हईवाल्याची फेरी थांबली आणि माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी किलोच्या भावाने गेली. जे घरांत झाले तेच देवळांतही झाले, आणि तेथील हानी अधिक मोठी आहे.

कारण देवस्थानच्या भांडारातील भांडे हे बहुधा कोणाचे तरी दान असते. समई, पंचारती, ताम्हण, अभिषेकपात्र, घंटा, महाप्रसादाचे हंडे व पराती यांच्या काठावर दात्याचे नाव, गाव आणि शकवर्ष कोरलेले आढळते. कधी नवसाचा उल्लेख असतो, कधी दिवंगत आईबापांचे स्मरण. अक्षरे ओबडधोबड असतात, शुद्धलेखनही बेतास बात असते. परंतु एखादे कुटुंब कोणत्या गावी होते, तेथून केव्हा स्थलांतरित झाले, कोणत्या पेशाने त्याने इतके द्रव्य मिळविले, याचा पुरावा अनेकदा त्या एका ओळीतच शिल्लक असतो. ज्या महाजन-कुटुंबांच्या वहिवाटीचा आणि मानाचा आधार परंपरा हा आहे, त्यांच्यासाठी अशी ओळ म्हणजे ताम्रपटाचेच धाकटे भावंड होय. नवी समई करण्यासाठी जुन्या चार आटविल्या, की दात्याचे नाव, घडविणाऱ्याचा हात आणि त्या काळचा आकार ही तिन्ही एकाच मुशीत विरघळतात.

हे टाळण्यास मोठा निधी लागत नाही. भांडारातील प्रत्येक वस्तूची नोंदवहीत नोंद करावी. तीत नाव, मोजमाप, वजन, कोरीव मजकूर जसा असेल तसा, आणि सोबत छायाचित्र असावे. उजळविण्याच्या भरात अक्षरे झिजणार नाहीत, अशी सूचना पूजासाहित्य घासणाऱ्यांस द्यावी. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा लागू होतो, याची कार्यकारी मंडळास माहिती असावी. नवीन दान आले तर त्याचा स्वीकार अवश्य व्हावा. परंतु जुने मोडीत घालून नव्हे. आणि जे वापरण्याजोगे आहे, ते वापरात ठेवावे. कपाटात बंद केलेल्या समईपेक्षा रोज तेलवात मिळणारी समई अधिक काळजीने सांभाळली जाते, कारण रोज कोणाचा तरी हात तिला लागतो.

बिदरच्या कारागिराने चादरीवरील वजनालाही वेल चढविली. कल्याणच्या शरणांनी मडके घडविणाऱ्याला धर्मसभेत बसविले. शहाबादच्या खाणकामगाराने काढलेली लादी असंख्य मराठी देवळांच्या प्रांगणात निमूटपणे पडून आहे. या भूमीने दिलेला हा वारसा संग्रहालयांच्या हाती सोपवून मोकळे होता येणार नाही. तो अद्याप घरांच्या माळ्यांवर आणि देवस्थानांच्या भांडारांत आहे. पुढील उत्सवापूर्वी भांडाराची साफसफाई निघेल, तेव्हा मोडीचा ढीग तराजूत पडण्याआधी महाजनांपैकी कोणी तरी वडीलधाऱ्याने प्रत्येक भांडे एकदा उजेडात धरावे, काठ पुसून त्यावरील अक्षरे वाचावीत आणि मगच निर्णय करावा.